दुसऱ्याचं कुलूप

१ मार्च

ही हिची विणकामाची वही. डाव्या बाहीच्या शेवटच्या ओळीखाली अर्धं पान कोरं आहे आणि पुढची वही तर सगळीच कोरी. कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून इथूनच सुरू करतो. अक्का म्हणाली, कुणाशी बोलत नाहीस तर निदान लिही, नाहीतर तुझं डोकं तुझ्या कुलपांसारखं गंजेल. थोरल्या बहिणीपुढे काय बोलणार?

उद्या ठकीला तेरा पूर्ण होतात. उद्यापासून चाळीस दिवसांत डोंगरापलीकडच्या शाळेचं बोलावणं येतं किंवा येत नाही. आलं तर पोर सात वर्षं तिकडे. बोलावणं येवो, असं मी तिच्यासमोर म्हणतो. इथे खरं लिहितो: येऊ नये. ठकीची आई गेल्यापासून या घरात बोलणारं तोंड एकच आहे. तेही गेलं तर मी या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत मरेन.

पान संपलं.

२ मार्च

ठकीला नवे बूट घेतले. तिने ते लगेच पिशवीत भरले आणि पिशवी खाटेखाली सरकवली. महिनाभर तयारी चालली आहे. पिशवीत दोन फ्रॉक, कंगवा, आईचा फोटो आणि आता बूट. स्वेटर तेवढा राहिलाय.

तो स्वेटर हिने घेतला होता विणायला. निळा. "पोर त्या शाळेत जाणार बघा, तिकडे थंडी फार असते म्हणतात," हे तिचं ठरलेलं. मी म्हणायचो, आधी बोलावणं येऊ दे, बाजारात तुरी. पाठ झाली, पुढचा भाग झाला, उजवी बाही झाली आणि ती अंथरुणाला खिळली. डावी बाही कशी करायची ते तिने पडल्यापडल्या ठकीसाठी वहीत लिहून ठेवलं. दोन वर्षं पोरीने सुयांना हात लावला नाही. आता रोज सकाळी वही मांडीवर घेऊन बसते.

तिच्याशी करार केला. सकाळी वही तिची, संध्याकाळी माझी. पान उलटल्यावर पुढचं सगळं माझं, ते वाचायचं नाही.

"मी कशाला वाचू?" ठकी म्हणाली. "दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. पाठ आहे मला."

हा आमच्या घराचा नियम. माझ्या वडिलांनी मला घातला, मी तिला. कुलूपवाल्याच्या घरातलं माणूस मालकाने सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या कुलपाला बोटसुद्धा लावत नाही. लोक आपल्या घरादाराच्या किल्ल्या आपल्याकडे टाकून जातात, त्या या एका गोष्टीवर. ठकी तीन वर्षांची असताना तिने एका गिऱ्हाइकाच्या कुलपाशी खेळ मांडला, तेव्हा मी तिला पहिली आणि शेवटची चापट मारली. माझ्याच हाताला जास्त लागली.

९ मार्च

समोरच्या शिवणकामवाल्या बाईंचा मुलगा गेला. म्हणजे त्या शाळेत गेला. सकाळी दारात एक पोक्त माणूस उभा होता म्हणे, आणि पोरगा बूट घालून तयार.

बोलावणं कसं येतं हे कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं पत्र येतं, कुणी म्हणतं स्वप्न पडतं. जाणारी मुलं सांगत नाहीत आणि सात वर्षांनी परत येतात ती नुसती हसतात. ठकीने बाईंना खोदून खोदून विचारलं.

"अगं, काही नाही आलं," बाई डोळे पुशीत म्हणाल्या. "पत्र नाही की निरोप नाही. आदल्या दिवशी मशीनपाशी दोऱ्याचा हा एवढा गुंता पडला होता. मी कात्री लावणारच होते, पण बाह्या जोडायची घाई होती. हा आपला पायरीवर बसून तो सोडवत बसला. तासभर. एरवी काम सांगितलं तर ऐकेल तर शपथ! आणि सकाळी हे असं."

बिचाऱ्या. दुःखात माणसाला काय काय आठवत बसतं. मी त्यांच्या कपाटाची कडी नीट करून दिली आणि आलो.

ठकी दिवसभर दोऱ्याचा एक तुकडा बोटांत फिरवत होती.

१४ मार्च

सकाळी दुकान उघडलं तर फळीवर एक कुलूप. दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. काल फळ्या लावताना नव्हतं, असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याला आता काय किंमत? परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधला.

पितळी, तळहाताएवढं, जड. कडी बसलेली. किल्ली नाही, चिठ्ठी नाही, नाव नाही. असं टाकून जाणारी गिऱ्हाइकं असतात, चार दिवसांनी येऊन "झालं का?" म्हणून उभी राहतात.

ठकी दुधाचं भांडं घेऊन आली आणि दारातच थांबली.

"हे कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं."

"कुठल्या?"

"येईल तेव्हा कळेल. हात लावू नकोस."

तिने हात पुढे केला होता, तो मागे घेतला. भांडं तिरपं झालं, थोडं दूध सांडलं.

१७ मार्च

कुलूप हट्टी आहे. तार घातली, आकडा घातला, आतली एक पट्टी हलते तर दुसरी खाली येते. माझ्या हातून न उघडलेलं कुलूप या गल्लीत नाही, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. बरं, बढाई म्हणूनच लिहितो. आता किल्लीच घडवायची. कोरी किल्ली मेणबत्तीच्या धुरावर काळी करायची, भोकात घालून फिरवायची, जिथे पट्टी अडते तिथली काजळी पुसली जाते, तिथे कानस मारायची. पुन्हा काळी, पुन्हा आत. चिकाटीचं काम आहे.

ठकी स्टुलावर बसून बघत असते. बाही विणता विणता बघते.

"बाबा, ते गुणगुणतंय."

"पितळ गुणगुणत नाही. भांडीवालीचं कायतरी चाललं असेल बाहेर."

"मी एकदा धरून बघू?"

"ठके, आपला नियम काय?"

"पण कुणी आलंच नाही ना न्यायला."

"म्हणून ते आपलं होतं का?"

तिने सुया पुन्हा उचलल्या. डोळे भरले होते. एवढ्याशा गोष्टीला? हल्ली तिचं असं होतं. बोलावण्याची वाट बघून पोर हळवी झाली आहे. दाराशी पाऊल वाजलं की उठते. मला तिची दया येते आणि मनात दुसरीकडे बरंही वाटतं की आजचाही दिवस गेला. असा बाप.

२२ मार्च

चार दिवस लिहिलं नाही. तापाने फणफणलो होतो. अठराला संध्याकाळी थंडी वाजून आली, त्यानंतरचं धड आठवत नाही. अक्का गुडघ्यांनी अडली आहे, येऊ शकली नाही. सगळं ठकीने केलं. औषध, पेज, कपाळावर ओल्या घड्या. डोळे उघडले की ती उशाशी, मांडीवर वही, हातात सुया. एकदा दुपारी मी बघितलं तर सुया खाली होत्या आणि ती वहीकडे नुसती बघत बसली होती. मी म्हटलं, टाका चुकला का गं? ती म्हणाली, "नाही बाबा. बाही संपली. तुम्ही झोपा."

दुकानही तिनेच बघितलं. कुणाची तरी पत्र्याची पेटी अडकली होती, तिने झटक्यात उघडून दिली म्हणे. मालकीण समोर उभी राहून म्हणाली उघड, मग उघडायला हरकत नाही. आडात आहे तेच पोहऱ्यात येणार.

आज उठून दुकानात बसलो. ते पितळी कुलूप मी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून ठेवलं होतं तसंच आहे, फक्त भोक माझ्याकडे होतं ते भिंतीकडे झालंय. तापाच्या आधीच मी कसंतरी लावलं असेल. कुलपाच्या अंगावर एक अंगठ्याचा ठसा दिसतो. राख लावून घासला, चिंधीने घासला, जात नाही. आधीच्या मालकाचा असेल. माझा अंगठा लावून बघितला, माझ्याहून बराच लहान आहे.

खाटेखाली झाडताना पिशवी दिसली नाही. नवे बूट ठकीच्या पायात होते, रोज रस्त्यावर घालायचे असल्यासारखे, धुळीने माखलेले. विचारलं, तर म्हणाली, ठेवून ठेवून लहान होतील. स्वेटर घालून दाखव म्हटलं, तर म्हणाली उकडतं. बरं झालं. वाट बघून कंटाळली असेल. मुलांचं बरं असतं, विसरतात.

२३ मार्च

उघडलं! नऊ दिवसांनी. अकराव्यांदा काळी केलेली किल्ली फिरली आणि कडी वर आली. एवढ्या जड कुलपाचा खटका वाजायला हवा होता, पण आवाज आला तो कुणी उसासा टाकावा तसा. हातात घेतलं तर पहिल्यापेक्षा हलकं वाटलं. बऱ्याच वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. ही असती तर म्हणाली असती, पुरे आता, नाकापेक्षा मोती जड व्हायला नको.

ठकीला हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली, "छान, बाबा."

"नुसतं छान? अगं, असं कुलूप जन्मात एकदा हाताखाली येतं."

"हो. एकदाच," ती म्हणाली. मग तिने ते आपल्या फ्रॉकच्या टोकाने पुसलं, कडी दाबून बंद केलं, किल्ली सुतळीने बांधली आणि खणात ठेवलं. मी हात लाव म्हटलं नव्हतं. पण रागवावंसं वाटलं नाही.

१० एप्रिल

चाळिसावा दिवस. आलं नाही.

सबंध दिवस मी दाराकडे बघत होतो, ती नाही. अक्का लंगडत आली, तिने ठकीला जवळ घेतलं. "नाही बोलावलं तर त्यांचंच नुकसान गं," म्हणाली. ठकी म्हणाली, "आत्या, चहा घेणार ना?"

मला जे हवं होतं ते झालं. मग घास का उतरला नाही? हिची आठवण येते. तिने तीन वर्षं आधी पोरीच्या थंडीची काळजी केली होती आणि मी चाळीस दिवस रोज मनातल्या मनात पोरीचं वाईट चिंतीत बसलो.

१२ एप्रिल

जमेल तसं लिहितो.

दुपारी एक बाई आल्या. साध्याच, पिकलेले केस, हातात कापडी पिशवी, एखाद्या कचेरीतल्या वाटाव्यात. ठकी अक्काकडे गेली होती.

"माझं एक पितळी कुलूप इथे राहिलंय," म्हणाल्या.

मी खणातून काढून दिलं, किल्लीसकट. वर ऐट: "चिठ्ठी ठेवायची हो. नऊ दिवस लागले मला."

"किल्ली घडवलीत?"

"घडवली. अकरा वेळा कानस मारली."

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. "किल्लीने उघडलेलं मी हे पहिलंच बघते. तुमचा हात मोठा आहे." मी फुगलो. हे लिहायचीसुद्धा लाज वाटते, पण मी फुगलो.

मग त्यांनी त्या ठशावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. "असू दे," म्हणाल्या. "मुलीचं उत्तर मिळालं आम्हाला."

"कसलं उत्तर?"

त्या स्टुलावर बसल्या. ठकीच्या स्टुलावर. आणि सावकाश सांगितलं. ज्या घरात जे रोज हाताखाली असतं तेच शाळेचे लोक पाठवतात. शिवणाच्या घरी गुंता, माझ्या घरी कुलूप. मुलाने ते नुसत्या हाताने सोडवायचं. सोडवून मोकळं ठेवलं तर सकाळी माणूस दाराशी येतो. मोकळं नसलं तर येत नाही. चाळीस दिवस थांबतात, पुन्हा विचारत नाहीत.

"म्हणजे ते माझ्या ठकीचं होतं?"

"तिचं होतं."

"आणि मी तिला हात लावू दिला नाही. वर मीच उघडून ठेवलं. मी बिघडवलं ना?"

"ते तिला विचारा," त्या म्हणाल्या. "तिच्या वतीने मी बोलू शकत नाही." कुलूप पिशवीत घालून गेल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या तर शेगड्यातच होतं. पोर म्हणत होती गुणगुणतंय, आणि मी तिला नियम शिकवत होतो. पोरीचं नशीब कानशीने घासून काढलं मी आणि वर म्हणालो, नुसतं छान?

१३ एप्रिल

सकाळी तिला सगळं सांगितलं. बाप असून तिच्यापुढे हात जोडले. तिने माझे हात धरून खाली घेतले.

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा."

"असं बोलू नकोस. मी किल्ली लावली नसती तर—"

"किल्लीने काही बिघडलं नाही. तोवर सगळं होऊन गेलं होतं."

"काय होऊन गेलं होतं?"

तिने जीभ चावली. लहानपणी साखर खाताना सापडली की चावायची तशी. "काही नाही. दूध उतू जाईल," म्हणाली आणि आत गेली. शेगडीवर दूध नव्हतंच.

१५ एप्रिल

आज ठकीला कानस धरायला शिकवली. हात चांगला आहे. अक्काचा गुडघा बरा.

१५ एप्रिल, सुट्या कागदावर

हे वहीत लिहिता येत नाही. वहीत तिच्यासाठी वर तेवढं लिहिलंय, चुकून नजर पडलीच तर. हा कागद किल्ल्यांचे आकार काढायचा आहे.

काल दिवसभर तिचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. आज ती दूध आणायला गेल्यावर वही घेऊन बसलो आणि माझंच लिहिलेलं वाचलं. बावीस तारखेचं पान. शेगड्यात भोक भिंतीकडे. अंगठ्याचा ठसा, माझ्याहून लहान. पिशवी नाही. नवे बूट धुळीत. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, तारखेनिशी. गिऱ्हाइकाने सांगावं आणि कुलूपवाल्याला कळू नये, तसं.

तिने ते उघडलं होतं. मी तापात पडलो असताना, नुसत्या हाताने. आणि परत बंद केलं.

का, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वहीत एका पानात निळ्या लोकरीचा तुकडा होता, खूण म्हणून ठेवलेला. ते पान उघडलं. वर हिचं अक्षर, आजारपणातलं, वाकडं: 'शेवटी सगळे टाके बंद करावेत. घाई करू नये.' आणि त्याच्या खाली माझं, पान संपतं तिथे: 'भिंतींशी बोलत मरेन.'

मी तिला म्हणालो होतो, पान उलटल्यावर पुढचं माझं, ते वाचू नकोस. तिने पान उलटलं नाही. उलटायची गरजच नव्हती. बाही विणत विणत ती आईच्या शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि खाली मी बसलो होतो. अर्धं पान वाचवलं मी. अर्ध्या पानासाठी पोरीची सात वर्षं घालवली.

म्हणजे एका बाजूला ते कुलूप होतं, दुसऱ्या बाजूला खाटेवर कण्हणारा बाप. तेरा वर्षांच्या पोरीने हे कुणालाही न विचारता ठरवलं आणि तिच्या तोंडावर मला काही दिसलं नाही. मला वाटलं विसरली. फार रडलो. हिच्या नावाने हाका मारल्या. ती असती तर कुणी पोरीला अडवलं नसतं.

आता तिला सांगू का, की मला कळलंय? सांगितलं तर तिला आयुष्यभर माझ्या तोंडाकडे बघावं लागेल, मला वाईट वाटतंय का म्हणून. नाही सांगितलं तर तिला वाटत राहील की निदान बाबा सुखात आहेत. ते तिने फार महाग घेतलंय. ते तरी तिला मिळू दे. हे शहाणपण आहे की भ्याडपणा, मला ठरवता येत नाही. मी ठरवलंय की हसायचं. मोठ्याने, रोज. गल्लीतल्या चार माणसांशी बोलायला शिकायचं. वीस वर्षांची होईल तेव्हा तिला कुठे जावंसं वाटलं, तर मी दारात अडसर नको.

हा कागद हिच्या सुयांच्या डब्यात ठेवून डब्याला छोटं कुलूप लावतोय. साधं, बाजारातलं. ठकीला कुठलंही कुलूप अडवू शकत नाही, हे मला आता ठाऊक आहे. या डब्यावर तिने नुसता अंगठा ठेवला तर तो उघडेल. पण ती ठेवणार नाही. दुसऱ्याच्या कुलपाला माझी पोर कधी हात लावत नाही. एकदाच लावला, आणि ते तिचं स्वतःचं होतं.